चष्म्याचे नंबर मी काढत नाही!

जर्मनीत मी डोळ्यांवर काम करते म्हटलं की कोल्हापुरात सगळ्यांचा समज एकच, पोरगी चष्म्याचे नंबर काढते. तर एकदाचं सांगून टाकते, मी डोळ्याच्या पडद्यात कुठली जनुकं चालू आहेत ते वाचते.

डोळ्याच्या मागच्या बाजूचा पडदा म्हणजे रेटिना. जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण त्यात अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशीच बारा कोटींच्या आसपास. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी साठेक लाख. डीएनए या सगळ्या पेशींत सारखाच, फरक पडतो तो कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद यानं. चालू जनुकाच्या आरएनए नावाच्या नकला निघतात. त्या वाचायच्या, मोजायच्या, की झालं आरएनए सिक्वेन्सिंग. सातबारा तोच असतो हो, पण यंदा रानात ऊस आहे की सोयाबीन ते बांधावर गेल्याशिवाय कळत नाही.

हा आरएनए महानाजूक. आपल्या हाताच्या कातडीवरसुद्धा त्याचे तुकडे पाडणारी एन्झाइम्स असतात. म्हणून आधी टेबल पुसायचं, ट्यूब बर्फात रोवायच्या, हातमोजे चढवायचे. मध्येच मोबाईलला हात लागला की मोजे बदला. (राजारामपुरीतल्या आत्याचा फोन नेमका तेव्हाच येतो, आणि उचलला नाही की ती फुगून बसते.) नमुना कितपत शाबूत आहे याला दहापैकी गुण मिळतात. कमी पडले तर पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही.

आत्याच्या दिरांना रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे जनुकातल्या चुकीनं पडदा हळूहळू निकामी होण्याचा आजार आहे, रातांधळेपणापासून सुरुवात झाली. "मग रक्त तपासून कळंना व्हय?" ती विचारते. जनुकातली चूक रक्तातून सापडू शकते. पण उजेड टिपणारं ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन बनतं दंडपेशीत, रक्तात त्याचं जनुक गपगार असतं. त्या चुकीनं पडद्यात काय बिघडतंय ते पडद्यातच बघावं लागतं, आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातला तुकडा कोण कापून घेणार?

म्हणून नेत्रदान. पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, रुग्णाला बसवतात. घरच्यांची संमती असेल तर मागचा पडदा संशोधनाला देता येतो. मात्र मृत्यूनंतर काही तासांतच, कारण आरएनए थांबत नाही. हे मलाही इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

"मोतीबिंदू झालेला डोळा चालतोय काय गं?" चालतो, आत्या. मोतीबिंदू भिंगात असतो. फॉर्म भरलास तरी घरच्यांना सांगून ठेव, ऐनवेळी फोन त्यांनाच करायचा असतो.