ओहोटीच्या वेळी, ताईसोबत

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला ताई आणि मी त्या खडकाळ किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा पाणी अजून बरेच वर होते. त्या दिवशीची ओहोटी ७ वाजून २० मिनिटांची होती. दीड तास आधी पोहोचायचे आणि उतरत्या पाण्याच्या मागोमाग पुढे सरकायचे, हा आमचा अकरा वर्षांचा शिरस्ता आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनाही मी हेच सुचवेन, कारण पाणी तळाला टेकल्यावर येणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत खालचे खडक जेमतेम काही मिनिटे येतात आणि तेवढ्यात पाणी परत फिरते.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. खडकातल्या डबक्यात वाकून कसे पाहायचे, हे मी सात वर्षांचा असताना तिनेच मला शिकवले. पुढे शहरे बदलली, संसार थाटले गेले आणि आमचे फोन आईच्या तपासण्या व घराची कागदपत्रे एवढ्यापुरते उरले. भांडण कधीच झाले नाही. पण फोन ठेवल्यावर आपण ताईशी काहीच बोललो नाही असे वाटायचे आणि त्याचीच मला धास्ती बसली होती. वर्षातून एकदा, दोघांनीच, उधाणाची ओहोटी गाठायची, हा तोडगा तिचा.

तारीख नीट निवडली की निम्मे काम झाले. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येते. भरती जशी वर चढते तशीच ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसे हटत नाही. त्या दिवसांत जाऊन निराश होऊन परतलेले लोक मी पाहिले आहेत. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समसमान होण्याच्या सुमारास, उधाण बहुधा अधिक मोठे असते. दिवसातून दोनदा ओहोटी येणाऱ्या किनाऱ्यांवर ती दुसऱ्या दिवशी सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे दोन दिवस हाताशी असतील तर दुसऱ्या दिवशी थोडे अधिक झोपायला मिळते.

सगळ्यांत वरच्या खडकांवर टोपीच्या आकाराचे लिम्पेट (एक प्रकारची समुद्री गोगलगाय) घट्ट चिकटून बसले होते. भरतीत ते शेवाळ खरवडत फिरतात आणि त्यांतल्या अनेक जाती नेमक्या आपल्याच जागेवर परततात. तिथे शंखाच्या कडेच्या मापाची खाच पडलेली असते. अशी एक रिकामी खाच ताईने बोटाने दाखवली आणि आम्ही पुढे सरकलो. कोरड्या कपारीत समुद्रफुले, म्हणजे फुलासारखे दिसणारे सागरी प्राणी, लालसर गोळ्यांसारखी मिटून बसली होती, तर हातभर अंतरावरच्या डबक्यात तशीच फुले पूर्ण उमलली होती.

त्याच डबक्याशी आम्ही तासभर बसलो. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी बाजू धरावी आणि पहिली दहा मिनिटे हालचाल करू नये. लपलेले जीव त्यानंतरच बाहेर येतात. आमच्यासमोर शंखातला एक खेकडा रिकाम्या शंखापाशी आला. त्याने नांगी आत घालून पोकळी चाचपली, शंख दोनदा उलटसुलट केला, थबकला आणि एका क्षणात आपले मऊ, वाकडे पोट जुन्या शंखातून काढून नव्यात सरकवले. ताईने माझे मनगट घट्ट धरले होते. नजर पाण्यावरून न हलवता ती म्हणाली, "मी नोकरी सोडतेय. घरात अजून कुणाला सांगितलं नाही." मीही पाण्याकडेच पाहत विचारले, "कधीपासून ठरवलंस?" मग ती बराच वेळ बोलत राहिली. फोनवर हे संभाषण झाले नसते, याची मला खात्री आहे.

किनाऱ्यावरचा रिकामा शंख घरी नेऊ नये, असे मी कळकळीने सांगतो, ते या खेकड्यासाठी. त्यातही शंकूच्या आकाराच्या शंखाला हातच लावू नये. आत जिवंत गोगलगाय असू शकते आणि उष्ण समुद्रांतल्या काही जातींचा दंश माणसाच्या जिवावर बेततो. दगड उचललाच, तर तो त्याच जागी, त्याच बाजूने हळूच परत ठेवावा. एक जीव हलवल्याने काय घडते, हे रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ पासून पॅसिफिकच्या खडकाळ किनाऱ्यावर अभ्यासले. एका पट्ट्यातून त्यांनी तारामासे सतत काढून टाकले, तेव्हा तारामासे ज्यांना खातात त्या शिंपल्यांनी जागा बळकावली आणि तिथल्या जातींची संख्या १५ वरून ८ वर आली. ताईने हे मला पहिल्यांदा सांगितले, तेव्हापासून मी तारामासा फक्त पाहतो.

परतीची वेळ मात्र आधीच ठरवून घ्यावी. दोन वर्षांपूर्वी आम्ही गप्पांत रमलो आणि पाठीमागच्या सखल घळीत पाणी कधी भरले ते कळलेच नाही. गुडघाभर पाण्यातून, एकमेकांना धरून, किनारा गाठावा लागला. भरतीचे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते आणि सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत साधारण निम्मी चढ पूर्ण होते, म्हणून पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबू नये. आता आम्ही ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या तासाचा गजर लावतो आणि तो वाजला की उठतो. लाटांकडे पाठ करून बसत नाही. समुद्र खवळलेला असेल तर खाली उतरत नाही. पायात जुने, पकड असलेले बूट हवेत, कारण ओल्या हिरव्या शेवाळावर पाय हमखास घसरतो.

भावंडांनी जायचे ठरवले, तर निदान एकदा मुले आणि जोडीदार यांच्याशिवाय जावे आणि पहिला अर्धा तास फोन पिशवीत ठेवावा. आमची दोघांची मिळून एकच वही आहे. त्या डबक्याची चित्रे ताई काढते, तारीख आणि पाण्याच्या वेळा मी लिहितो. वही वर्षभर एकाकडे राहते आणि पुढच्या भेटीत दुसऱ्याकडे जाते. यंदा ती ताईकडे आहे. परवा तिने एका पानाचा फोटो पाठवला. त्यावर खेकड्याचा जुना आणि नवा शंख शेजारी शेजारी काढले होते आणि खाली तिच्या अक्षरात पुढच्या मार्चमधल्या ओहोटीची वेळ होती.