हेकल, जेकल आणि 32 अक्षरं

कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मी इंग्रजी कॅप्शन लिहिते. लोकांना वाटतं, ऐकायचं आणि टाइप करायचं. खरं काम छाटणीचं असतं. जुन्या टीव्ही-पद्धतीत एका ओळीत 32 अक्षरंच मावतात आणि कार्टूनमधली पात्रं दम न घेता बोलतात. बोलणारा चित्रात दिसत असेल तर त्याचं नाव लिहायचं नाही, हा नेहमीचा नियम.

हेकल आणि जेकलच्या एका कार्टूनमध्ये तोच नियम आडवा आला. टेरिटून्स स्टुडिओनं 1946 मध्ये पडद्यावर आणलेले हे दोन मॅगपाय पक्षी. तीच काळी पिसं, तीच पिवळी चोच. डिस्नेच्या चिप आणि डेल या खारीही 1943 च्या 'प्रायव्हेट प्लूटो'त अगदी एकसारख्या होत्या, पण पुढे चिपला काळं नाक मिळालं, डेलला लाल. एक हुशार झाला, दुसरा वेंधळा. हेकल-जेकल दोघंही सारखेच बिलंदर, त्यामुळे वागण्यावरूनही ओळख पटत नाही. एकाची बोली न्यूयॉर्कची, दुसऱ्याची साहेबी ब्रिटिश, एवढाच काय तो फरक. म्हणजे सगळा फरक कानाचा, आणि माझ्या प्रेक्षकाला नेमका तोच मिळत नाही.

बोलणाऱ्याच्या बाजूला कॅप्शन सरकवून पाहिलं, तर दोघं वाक्याच्या मधेच जागा बदलतात. सॉफ्टवेअरच्या कच्च्या मसुद्यात दोन्ही आवाज एकाच्याच तोंडी होते. मग ब्रिटिश मॅगपायचं 'ओल्ड चॅप' हे खास साहेबी संबोधन मी एकदाही कापलं नाही. घाईचे लोक असे शब्द पहिल्यांदा उडवतात. पण इथे तीच त्याची ओळख होती. जागा मी दुसरीकडून काढली. शिवाय प्रत्येक नव्या दृश्यात कंसात बोलीची खूण दिली.

तपासणीतून फाइल परत आली: खूण पहिल्या वेळीच ठेवा, बाकीच्या काढा. तपासणाऱ्यांना कॅप्शन आणि आवाजाच्या वेळा जुळल्या की काम झालं असं वाटतं. पडद्यावर काय चाललंय हे बघायची त्यांना सवयच उरलेली नाही.

मी दोन्ही प्रती आमच्या टीममधल्या एका कर्णबधिर सहकाऱ्याला दाखवल्या. हे कार्टून त्यानं लहानपणी कॅप्शनशिवाय पाहिलेलं. त्यानं लिहिलं, "ताई, मला वाटायचं एकच पक्षी जादूनं दोन होतो." खुणा असलेली प्रत त्यानं पुन्हा लावली आणि विचारलं, "ब्रिटिश आहे हे कळलं. पण त्यात गंमत काय?"

मी लिहिलं, तोडफोड दोघंही करतात, पण हा ती अदबीनं बोलत करतो. त्याला ते पटलं. म्हणाला, मग 'ब्रिटिश'ऐवजी 'अदबीनं' लिही. पण ते माझं मत झालं, आवाजाचं वर्णन नव्हे. आणि कॅप्शनमध्ये मत घालायचं नसतं. तरीही त्याच्यापर्यंत गंमत पोचली ती त्याच एका शब्दानं. सगळ्या खुणा ठेवा, असं कारणांसकट लिहून मी फाइल परत पाठवली आहे. 'अदबीनं' मात्र अजून फाइलमध्ये घातलेलं नाही.