कडुलिंबाखालचा चित्रक

सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर गेला की परसातली बहुतेक झाडे माना टाकतात. कडुलिंबाखालचा चित्रक मात्र तग धरून असतो. रानात मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारे हे झुडूप असल्यामुळे त्याला विरळ सावली मानवते, आणि आमच्या कडुलिंबाने ती त्याला भरपूर दिली आहे.

जानेवारीत संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तो फुललेला असतो. बारीक लांब नळीच्या टोकाशी पाच पांढऱ्या पाकळ्या, आणि नळीच्या तळाशी हिरवा पुष्पकोश, ज्यावरील केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. फळ धरल्यावरही हा चिकटपणा राहतो. कुंपणावर वाळत घातलेल्या चादरीला ही फळे हमखास चिकटत, आणि आजी ती एकेक करून निगुतीने काढत असे. रानात जनावरांच्या अंगाला चिकटून हेच बी दूरवर जाते.

औषधात मुख्यतः मूळ वापरतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात त्या त्या कामी श्रेष्ठ ठरणारी द्रव्ये सांगितली आहेत. तेथे भूक वाढवणे, अन्न पचवणे, मूळव्याध, गुदभागाची सूज आणि शूळ यांसाठी चित्रकमूळ सांगितले आहे. वैद्यांची चित्रकादि वटी याच मुळापासून होते. अग्नीची बहुतेक संस्कृत नावे चित्रकालाही लागू होतात, आणि ती किती सार्थ आहेत हे आमच्या घराने अनुभवले आहे. कोणाच्या तरी सांगण्यावरून आत्याने दुखऱ्या गुडघ्यावर ताजे मूळ वाटून लावले. सकाळपर्यंत तेथे पाण्याने भरलेले फोड आले होते, आणि फोड बरे झाल्यावरही काळा डाग कित्येक महिने राहिला. मुळातील प्लंबाजिन या पिवळ्या द्रव्याने कातडी भाजते. म्हणूनच वैद्य हे मूळ चुन्याच्या निवळीत शुद्ध करून, अल्प मात्रेत देतात. गर्भपाताचा धोका असल्याने गरोदर स्त्रियांना ते मुळीच देत नाहीत. घरगुती उपाय म्हणून ते कोणी उगाळू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

रोपवाटिकेत निळ्या फुलांचा जो चित्रक मिळतो, तो दक्षिण आफ्रिकेतला, वेगळ्या जातीचा आहे. शोभेसाठी तो उत्तम.

आमच्या झुडपाचे मूळ आम्ही खणत नाही. पावसाळ्यापूर्वी फांद्या तेवढ्या छाटतो, आणि चादरी आता गच्चीवर वाळत घालतो.