तासांच्या हिशेबात न बसणारे तास

सकाळी सातच्या बॅचसाठी मी पावणेसातला पोहोचते, तेव्हा संस्थेचा शिपाई नुकताच कुलूप काढत असतो आणि जिन्यावर दोन-तीन मुली वही उघडून आदल्या दिवशीचे शब्द पुटपुटत बसलेल्या असतात. जीएनएम हा परिचारिकांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून पुण्यातल्या खासगी रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या या मुली सात ते दहा जर्मन शिकतात, खोलीवर जाऊन डबा खातात आणि दुपारी दोनला ड्युटीवर हजर होतात. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची, तर बहुतेक ठिकाणी बी2 पातळीचे (ए1 ते सी2 या सहा पातळ्यांपैकी चौथ्या) प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी त्या आमच्याकडे येतात. संध्याकाळच्या बॅचचे चित्र वेगळे असते. त्या वर्गात अकरावी-बारावीला मराठीऐवजी जर्मन घेतलेली मुले असतात, आयटीतले अभियंते असतात, आणि लग्नानंतर नवऱ्याकडे जाण्याच्या व्हिसासाठी ए1 परीक्षा द्यावी लागणाऱ्या नवविवाहित मुलीही असतात.

रानडे इन्स्टिट्यूटमधून जर्मनचे शिक्षण घेतल्यावर मी पुण्यातल्याच एका खासगी भाषा संस्थेत शिकवू लागले, त्याला आता नऊ वर्षे झाली. अशा ठिकाणी काम करणे कसे असते, हा प्रश्न मला नव्याने शिकवू पाहणाऱ्या मुली नेहमी विचारतात. त्याचे उत्तर द्यायचे तर तासांपासूनच सुरुवात करावी लागते, कारण संस्थेचा सगळा व्यवहार तासांवर चालतो.

मला तासाला 450 रुपये मानधन मिळते. सकाळची बॅच आठवड्यातून सहा दिवस तीन-तीन तास आणि संध्याकाळची तीन दिवस दोन-दोन तास, असे महिन्याचे साधारण 96 तास भरतात. त्याचे 43,200 रुपये होतात आणि 10 टक्के टीडीएस कापून 38,880 रुपये बँकेत जमा होतात. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळते, पण कागदोपत्री मी संस्थेची कर्मचारी नसून बाहेरून येणारी व्यावसायिक आहे. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही आणि दिवाळीत आठवडाभर वर्ग बंद राहिले की त्या आठवड्याचे मानधनही नाही. एक बॅच संपून दुसरी भरेपर्यंत कधी तीन आठवडे जातात, कधी सहा. नव्या बॅचला पुरेशा एन्क्वायऱ्या आल्या नाहीत तर ती पुढे ढकलली जाते किंवा दुसऱ्या बॅचमध्ये मर्ज केली जाते, आणि हे आम्हाला बहुधा आदल्या संध्याकाळी कळते. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने बाळंतपणासाठी सुट्टी घेतली तेव्हा तिच्या बॅच दुसऱ्यांकडे गेल्या, आणि ती परत आली तेव्हा तिला पहिल्यापासून ए1 शिकवायला घ्यावे लागले, कारण वरच्या पातळ्यांवर आता दुसरी माणसे होती. सात वर्षांचा अनुभव असा एका फटक्यात बाजूला पडलेला मी पाहिला आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

तरीही मी हे काम सोडलेले नाही. त्याचे कारण वर्गात आहे, म्हणून वर्गाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

मराठी माणसाला जर्मन शिकवताना हाताशी मोठी शिदोरी असते. जर्मनमध्ये देर, दी, दास अशी तीन लिंगे आहेत आणि इंग्रजीतून शिकणारा माणूस तिथेच अडखळतो. आपल्याकडे मात्र तो, ती, ते हे पाळण्यापासून कानावर पडलेले असते. मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी का, असा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि ‘ते पोर’, ‘ते लेकरू’ आपण म्हणतोच की, असे सांगितले की वर्ग चटकन मान डोलावतो. उच्चारांचेही तसेच आहे. जर्मन ‘त्सू’ शिकवायला मला ‘चूल’ या शब्दातला च पुरतो, ‘त्सो’ शिकवायला ‘चोर’ पुरतो. मात्र हा दंततालव्य च मराठीत इ आणि ए या स्वरांपूर्वी सहसा येत नाही, म्हणून खोली या अर्थाचा ‘त्सिमर’ आमची मुले ‘चिमर’ म्हणतात आणि दहा या अर्थाचा ‘त्सेन’ हा ‘चेन’ होतो. ती सवय मोडायला आठवडे लागतात.

विभक्तीच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. ‘स, ला, ते’ हा तक्ता मराठी माध्यमातल्या मुलांनी शाळेत घोकलेला असतो, त्यामुळे द्वितीया आणि चतुर्थी ही नावे त्यांना परकी नसतात. पण मराठीत दोन्हींचे प्रत्यय सारखेच आहेत. ‘मी त्याला बघतो’ आणि ‘मी त्याला मदत करतो’ या दोन्ही वाक्यांत आपल्याकडे ‘त्याला’ हा एकच शब्द येतो, जर्मनमध्ये मात्र पहिल्यात ‘ईन’ आणि दुसऱ्यात ‘ईम’ लागते. तसेच आपण ‘शाळेत जातो’ आणि ‘शाळेत बसतो’ यांत फरक करत नाही. जर्मन माणूस जाण्यासाठी द्वितीया आणि बसण्यासाठी चतुर्थी वापरतो. म्हणून वह्या तपासताना मी चुकलेल्या शब्दावर पेन्सिलने नुसते ‘द्वि.’ किंवा ‘च.’ असे लिहिते आणि दुरुस्ती त्यांनाच करायला लावते. उत्तर लिहून दिले तर ते वाचले जाते, शिकले जात नाही, हा माझा अनुभव आहे.

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. सकाळच्या बॅचमध्ये मराठवाड्यातून आलेली एक मुलगी होती, कामात चोख, बोलायला अतिशय संकोची. रुग्णाशी बोलण्याचा पाठ चालू होता आणि ‘वो टूट एस ईनेन वे?’ या वाक्यातला ‘ईनेन’ तिच्या तोंडी काही केल्या बसेना. ती आधी इंग्रजीत वाक्य जुळवायची, त्यातला ‘यू’ उचलायची आणि तिथे प्रथमेचे ‘झी’ घालायची. मी तिला पुस्तक मिटायला सांगितले आणि मराठीत विचारले, “वॉर्डात पेशंट कण्हत असला तर तू त्याला काय विचारतेस?” ती लगेच म्हणाली, “कुठं दुखतंय तुम्हाला?” मी म्हटले, “हे जे ‘तुम्हाला’ आहे ना, तेच ‘ईनेन’.” ती क्षणभर थांबली आणि मग ते वाक्य तिने एका दमात, अगदी वॉर्डातल्या आवाजात म्हटले. त्यानंतर ‘मला थंडी वाजते’ आणि ‘मला हे आवडते’ ही वाक्ये तिने आपणहून जर्मनमध्ये केली, कारण दोन्ही भाषांत ती ‘मला’नेच सुरू होतात. इंग्रजीच्या वळणाने गेलेली मुले थंडी वाजते म्हणताना ‘इश बिन काल्ट’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘मी भावनाशून्य आहे’ असा काहीसा वाटतो.

त्या दिवशी दुपारी मला समन्वयकांचा फोन आला. वर्गात फक्त जर्मन बोलले जाते, असे आमच्या जाहिरातीत छापलेले आहे आणि वर्गात कॅमेरा आहे. मी मराठीत बोलले, हे त्यांनी पाहिले होते. त्यांचे म्हणणे मी समजू शकते, कारण फी भरणाऱ्या पालकांना तेच सांगितलेले असते आणि वर्गात जर्मन जास्तीत जास्त कानावर पडली पाहिजे हे मलाही मान्य आहे. परंतु शिकणाऱ्याच्या डोक्यात एक भाषा आधीच पक्की आहे आणि तिची मदत घेतली तर तासाचे काम पाच मिनिटांत होते, हे जाहिरातीसाठी नाकारणे मला पटत नाही. मी तसे त्यांना सांगितले आणि आजही गरज पडेल तिथे मराठी वापरते.

वेग ही माझ्या मते याहून गंभीर बाब आहे. बी2 पातळीपर्यंत पोहोचायला 45 मिनिटांच्या साधारण 600 ते 800 तासिका लागतात, असे जर्मनच्या परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट सांगते. म्हणजे 450 ते 600 तास. आठवड्याला अठरा तास शिकवले आणि एकही सुट्टी घेतली नाही, तरी त्याला पंचवीस ते तेहतीस आठवडे लागतात, आणि यात घरचा अभ्यास धरलेला नाही. ड्युटी सांभाळून शिकणाऱ्या मुलीला याहून जास्त वेळ लागणार, हे उघड आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला, तेव्हापासून आमच्याकडच्या एन्क्वायऱ्या झपाट्याने वाढल्या आणि त्याबरोबर ‘सहा महिन्यांत बी2’ अशा पाट्याही शहरात जागोजागी दिसू लागल्या. फी घेणाऱ्या काउन्सेलर मुलीला मी दोष देत नाही. तिच्या डोक्यावर महिन्याचे टार्गेट असते आणि जर्मन तिला स्वतःला येत नाही. पण तिने दिलेला शब्द पाळण्याची वेळ येते तेव्हा वर्गात मी उभी असते. आईचे दागिने गहाण ठेवून फी भरलेली मुलगी पाचव्या महिन्यात विचारते, “मॅडम, पुढच्या महिन्यात होईल ना?” आणि तिला खरे उत्तर द्यायचे काम माझ्या वाट्याला येते. मी खरेच सांगते. त्या उत्तराने तिचा चेहरा उतरतो, कधी कधी संस्थेत माझ्याविरुद्ध तक्रारही जाते, तरी याबाबतीत मला मागे हटता येत नाही.

मराठवाड्यातल्या त्या मुलीलाही असाच जास्त वेळ लागला. गोएथेच्या बी1 परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकात 100 पैकी 60 गुण मिळवावे लागतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. तिचे तीन भाग सुटले आणि लेखनात 54 गुण मिळाले. लेखनाला तासाभरात तीन मजकूर लिहायचे असतात: मित्राला सुमारे 80 शब्दांचा ईमेल, एखाद्या विषयावर सुमारे 80 शब्दांत मत आणि सुमारे 40 शब्दांचा औपचारिक ईमेल. लेखन फक्त लिहून आणि तपासून घेऊनच सुधारते, त्याला दुसरा उपाय नाही. एका मुलीचे तीन मजकूर नीट तपासायला मला पंधरा मिनिटे लागतात. चौदा मुलींच्या बॅचमध्ये एक सराव परीक्षा घेतली की साडेतीन तास तपासण्यात जातात, म्हणजे सकाळच्या पूर्ण वर्गापेक्षाही जास्त वेळ, आणि त्याचा तेव्हा एक रुपयाही मिळत नसे, कारण हजेरीपुस्तकात तो तास कुठेच नोंदला जात नसे. साहजिकच अनेक ठिकाणी लेखनाचा सराव सगळ्यात कमी होतो. शिक्षिका आळशी असतात म्हणून असे होत नाही. त्यांना दिवसातून तीन संस्थांत शिकवूनच घर चालवावे लागते.

मी तिला पुढचे सात आठवडे दर आठवड्याला तीन मजकूर लिहायला लावले. सुरुवातीच्या कागदांवर ‘च.’ची खूण वीस-वीस वेळा यायची, शेवटच्या कागदावर ती चार वेळा आली. पुन्हा परीक्षा दिली तेव्हा तिला लेखनात 71 गुण मिळाले.

तिचे ते सगळे कागद, पहिला वर आणि शेवटचा खाली अशा क्रमाने लावून, मी आमच्या संचालकांसमोर ठेवले आणि तपासणीच्या तासांचे मानधन द्यावे, अशी विनंती केली. त्यांनी ते खरोखर लक्षपूर्वक पाहिले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. खर्च वाढेल, फी वाढवावी लागेल, समोरच्या क्लासची फी कमी आहे, ही त्यांची अडचणही खोटी नव्हती. तीन बैठकांनंतर बी1 आणि त्यावरच्या बॅचना आठवड्याला दोन तास तपासणीचे मानधन द्यायचे ठरले. ए1 आणि ए2 साठी अजून काही नाही, त्याविषयी मी पुन्हा बोलणार आहे.

जर्मन किंवा दुसरी कोणतीही भाषा शिकण्यासाठी खासगी संस्थेत फी भरणार असाल, तर पातळी किती महिन्यांत पूर्ण होईल हे विचारण्याऐवजी एकूण किती तास शिकवले जाईल, बॅचमध्ये किती जण असतील आणि तुम्ही लिहिलेले कोण तपासून देईल, हे जरूर विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की ते काम करणाऱ्या व्यक्तीला त्याचे पैसे मिळतात का, हेही विचारा. चार जणांनी विचारले तर काउन्सेलर तो प्रश्न वर पोहोचवतेच. मराठवाड्यातली ती मुलगी आता बी2च्या बॅचमध्ये आहे. काल तिच्या वर्गाची सराव परीक्षा झाली. चौदा जणींचे कागद माझ्या टेबलावर आहेत. त्यातले आठ दोन तासांत बसतील, उरलेले सहा मी रविवारी तपासीन.