१ मेला काय वाजवायचं?

महाराष्ट्र दिनाला काय करायचं, यावर आज आमच्या एफएमच्या मीटिंगमध्ये भरपूर काथ्याकूट झाला. फेटा सेल्फी, मिसळ पार्टी, वॉटरपार्कची तिकिटं. दरवर्षीचंच. (१९६० साली राज्य झालं ते वॉटरपार्कसाठीच जणू!) त्यात नागपुरात विदर्भवादी १ मे हा काळा दिवस म्हणून पाळतात, तेव्हा फेट्याची थीम इथे जरा जपूनच. आणि सेल्सवाल्यांना भर दुपारी चौकात रोड शो हवाय. मे महिन्यात! कोण येणार मरायला?

मी म्हटलं, कामगार दिनही आहे ना? माइक घेऊन पहाटे कळमना मार्केटला जाऊ. बाजार बंद असला तर आदल्या दिवशी रेकॉर्ड करू. आकडा मारून मिरचीचं पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाला त्याच्या आवडीचं गाणं विचारायचं. मग एसटी कंडक्टर, महावितरणचा लाइनमन. सुट्टीला ड्युटीवर असलेल्यांची फर्माईश, दिवसभर. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण माणसांना बोलू देता येतं की.

प्रायोजकाचा पहिला प्रश्न : हमाल आमच्या कूलरचं नाव घेईल का? मी म्हटलं, त्यांच्या बसायच्या शेडमध्ये दोन लावून द्या, आपणहून घेईल. साहेब "कळवतो" म्हणालेत.

तोवर तुमच्या ओळखीत १ मेला ड्युटीवर कोण आहे, ते कमेंटमध्ये टाका. नंबर नको, काम सांगा फक्त.