मास्कला बिडीचा वास

मी मेडिकल फिजिसिस्ट. म्हणजे कॅन्सरच्या पेशंटला हात न लावता त्याच्या शेकाचा, म्हणजे किरणोपचाराचा, हिशेब ठेवणारा माणूस. सकाळी मशीनचं आउटपुट तपासताना आकडा दोन टक्के जरी हलला, तरी माझा चहा थंड होतो.

मे महिना होता. काटोलकडचे एक संत्राबागायतदार काका स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी नागपूरला यायचे. 70 ग्रे डोस, 35 शेक, रोज एसटीने येणं-जाणं. अकराव्या शेकानंतर टेक्निशियनने डोकं हलू नये म्हणून लावलेला मास्क काढला आणि माझ्यापुढे धरला. “सर, वास घ्या.” जाळीदार प्लास्टिक, नाकापाशी अजून ओलसर, आणि ताज्या बिडीचा वास. फाटकाबाहेरच्या टपरीवर एक ओढूनच काका टेबलावर झोपले होते.

मी त्यांना खोलीत बोलावलं. मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, “पस्तीस खेपा कायले जी सर? एकाच दिवशी देऊन टाका न सारं!”

प्रश्न चुकीचा नव्हता. रोज थोडं देण्यामागे चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळावा हे एक कारण, दुसरं ऑक्सिजनचं. किरणांनी पेशीच्या डीएनएला जखम होते आणि जवळ ऑक्सिजन असेल तर ती पक्की होते. नसेल तर पेशी बरीचशी डागडुजी करून घेते. तिला मारायला अडीच-तीनपट डोस लागतो. गाठीत रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागापलीकडे ऑक्सिजन जवळपास पोहोचतच नाही. हे लंडनमध्ये 1955 साली फुप्फुसाच्या गाठींचे काप बघून मांडणाऱ्या दोघांपैकी एक ग्रे. त्यांचंच नाव मी दिवसभर डोसाचं एकक म्हणून घेतो.

“म्हणजे ड्रिपच्या शेवटच्या झाडावानी,” काका म्हणाले. “तिथलोर पाणीच जात नाई.”

“हो. रोजच्या शेकाने अलीकडची झाडं मरतात, मग पाणी पुढे सरकतं. म्हणून खेपा.”

“अन् बिडी?”

बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. अर्धा सुटायलाच चार-पाच तास जातात. म्हणजे शेकाच्या ऐन वेळी काका स्वतःच व्हॉल्व्ह आवळत होते. माझ्या संगणकातल्या प्लॅनमध्ये हे कुठेच दिसत नाही. तिथे गाठ सगळीकडे सारखीच रंगवलेली असते. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या दोन टक्क्यांचं मलाच हसू आलं.

काकांचा मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, “सर, चेन्नईले प्रोटॉन आहे म्हणते. तिकडं नेऊ का?” प्रोटॉन म्हणजे एक्स-रेऐवजी कणांचा मारा. तो गाठीपलीकडच्या अवयवांना वाचवतो, पण ऑक्सिजनच्या बाबतीत तो आमच्या एक्स-रेसारखाच अडतो. कार्बनसारखे जड आयन दाट मारा करतात, त्यांना ऑक्सिजनची गरज बरीच कमी. पण ती सोय भारतात नाही. इतकं सांगून मी म्हटलं, “बाबांच्या खिशातला बिड्यांचा कट्टा काढून घे. त्याला तिकीट लागत नाही.”

काकांनीच खिशातून कट्टा काढून टेबलावर ठेवला. सात उरल्या होत्या. “मोजून ठेवा जी, हिशेबाचे माणूस तुमी.”

दुसऱ्या दिवशी मास्कला वास नव्हता. तिसऱ्या दिवशी टेक्निशियनने पुन्हा मास्क धरला. वेलची होती.