काळ्या टेपचा तुकडा

कारखान्यातल्या वीज पॅनलचं दार उघडून थर्मल कॅमेरा धरला. आर, वाय, बी या तीन फेजचे बसबार, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या. आर आणि बीचे जोड ३२ अंश, मधला वायचा ३८. सहा अंशांचा फरक, तोही ३८ वर. यादीत 'ठीक' लिहिलंही होतं. मग नजर जोडाला लागूनच बसबारवर चढवलेल्या पीव्हीसी स्लीव्हवर गेली. ती ७१ दाखवत होती.

स्लीव्हला उष्णता मिळते ती जोडातूनच. मग ती जोडापेक्षा गरम कशी असेल?

थर्मल कॅमेरा तापमान मोजत नाही. पृष्ठभागाकडून येणारं इन्फ्रारेड प्रारण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. माझा कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात बघतो. पीव्हीसीची एमिसिव्हिटी (स्वतःचं प्रारण सोडण्याची क्षमता, शून्य ते एकच्या मापात) ०.९ च्या वर, म्हणजे ती स्वतःची उष्णता जवळजवळ पूर्ण 'सांगते'. चकचकीत तांब्याची ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ते स्वतःबद्दल फारसं सांगतच नाही, आरशासारखं समोरचं दाखवतं. त्या ३८ अंशांत जोडाचा वाटा थोडा होता, बाकी सगळं ३० अंशांच्या खोलीचं प्रतिबिंब. मी बाजूला सरकलो तर तांब्यावरचा एक उबदार डागही सरकला. तो माझाच चेहरा होता.

कॅमेऱ्याच्या मेनूत एमिसिव्हिटी ०.१ करता येते. मी ते करत नाही. इतक्या लहान आकड्यात जराशी चूक झाली तरी उत्तर कुठल्या कुठे जातं.

३८ अंशांसाठी लाइन बंद ठेवायला उत्पादन विभाग तयार नव्हता, आणि त्यांच्या जागी मीही नसतो झालो. दहा मिनिटं मिळाली. सप्लाय बंद, टेस्टरने खात्री, अर्थिंग, आणि तिन्ही जोडांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा अंगठ्याएवढा तुकडा, सुरकुती न पडू देता दाबून. या टेपची एमिसिव्हिटी ०.९५ च्या जवळपास. पुन्हा लोड आल्यावर तासभर थांबलो. आर ४६, बी ४५, वाय ८७.

त्यात लोड होता निम्माच. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पूर्ण लोडवर चौपट. म्हणून नुसतं तापमान लिहिलेला रिपोर्ट मला अर्धवट वाटतो, त्या वेळचे अँपिअर शेजारी हवेतच. रिकाम्या चालणाऱ्या मशीनचं थर्मोग्राफी सर्टिफिकेट कुणी पुढे केलं तर मी ते बाजूला ठेवतो.

अंतराचंही तसंच. ३२० गुणिले २४० पिक्सेलचा कॅमेरा, २५ अंशांच्या कोनात बघणारी लेन्स; तीन मीटरवरून एक पिक्सेल साधारण चार मिलिमीटर व्यापतो. भरवशाच्या आकड्यासाठी किमान तीन गुणिले तीन पिक्सेल हवेत, म्हणजे बारा मिलिमीटर. त्याहून लहान बोल्टचं तापमान आजूबाजूच्या थंड भागात मिसळून कमीच दिसणार. आणि पॅनलच्या काचेतून तर बघूच नये, या पट्ट्यात काच अपारदर्शक असते, आपण काचेचंच तापमान घेऊन येतो. कॅमेऱ्याची लेन्स या पट्ट्यात पारदर्शक असलेल्या जर्मेनियमची असते ती म्हणूनच.

८७ चा फोटो दाखवल्यावर मोठं शटडाऊन मिळालं. जोड उघडला. बाहेरून लखलखीत असलेलं तांबं आतल्या बाजूला काळंनिळं पडलं होतं, स्प्रिंग वॉशर सपाट झाला होता आणि बोल्ट पान्याने जवळपास अर्धा आटा फिरला. पृष्ठभाग साफ केले, नवे बोल्ट-वॉशर घातले, टॉर्क पान्याने आवळले. टेप पुन्हा लावली.

तितक्याच लोडवर, तासाभराने: ४६, ४६, ४५. टेपचे ते तुकडे मी तिथेच ठेवले आहेत.